राजाच्या नातवाची रोजनिशी : आखडणाऱ्या पायांची २४ वर्षांची नोंद

रात्री झोपेत अचानक पोटरीत गोळा येतो, पाय लाकडासारखा ताठ होतो आणि माणूस कळवळून उठून बसतो. हे कधीतरी सगळ्यांनाच होतं. पण काही जणांच्या बाबतीत ते रोजचंच होतं आणि वर्षागणिक वाढत जातं. अशाच एका माणसाने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या शरीरात काय होतंय ते लिहून ठेवलं. आपल्याला कोणता आजार झालाय हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. आज मात्र त्याची रोजनिशी वैद्यकशास्त्राच्या इतिहासातला मोठा ठेवा मानली जाते.

त्याचं नाव सर ऑगस्टस डेस्टे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा हा नातू आणि राणी व्हिक्टोरियाचा सख्खा चुलतभाऊ.

राजघराण्यातला, पण राजपुत्र नाही

ऑगस्टसचा जन्म १३ जानेवारी १७९४ चा. त्याचे वडील राजाचे सहावे चिरंजीव, पुढे ड्यूक ऑफ ससेक्स झालेले. त्यांनी लेडी ऑगस्टा मरे हिच्याशी रोममध्ये गुपचूप लग्न केलं होतं. इंग्लंडच्या १७७२ च्या कायद्यानुसार राजघराण्यातल्या माणसाला राजाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नव्हतं. त्यामुळे १७९४ मध्येच हे लग्न रद्दबातल ठरलं. पोरगं काही महिन्यांचं असतानाच कायद्याच्या नजरेत अनौरस झालं.

ऑगस्टस सैन्यात गेला. १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या मोहिमेत तो होता. पुढे त्याला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या हक्कांबद्दल त्याला मनापासून कळकळ होती. कॅनडातून आलेले ओजिब्वे समाजाचे नेते पीटर जोन्स यांच्याशी त्याचा स्नेह जमला होता. म्हणजे माणूस धडधाकट, फिरस्ता आणि उत्साही होता. आणि मग १८२२ उजाडलं.

आजाराची पहिली चाहूल

त्या वर्षी डिसेंबरात तो स्कॉटलंडमध्ये एका नातेवाइकाला भेटायला गेला. त्यांच्यावर त्याचा वडिलांसारखा जीव होता. पोहोचला तेव्हा ते गेलेले होते. अंत्यसंस्कारानंतर काही दिवसांतच त्याची नजर इतकी अधू झाली की पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काही काळाने, कुठलाही उपचार न करता, डोळे आपोआप बरे झाले. १८२६ मध्ये पुन्हा तसंच झालं आणि पुन्हा बरं वाटलं.

मोठा घाला आला १८२७ मध्ये, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. आधी एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. डॉक्टरांनी पित्ताचा दोष मानून कपाळाच्या बाजूंना जळवा लावल्या, रक्त काढलं. डोळे सुधारले, पण पायातलं बळ गेलं. तो कोसळला आणि जवळपास तीन आठवडे त्याला नोकराला उचलून न्यावं लागत होतं. दुसऱ्या एका डॉक्टरने वेगळाच मार्ग धरला : दिवसातून दोनदा गोमांस, सोबत वाइन आणि पायांना औषधी द्रावाने मालिश. तो पुन्हा उभा राहिला. पण कमरेखाली बधिरपणा आला आणि लघवीचे त्रासही मागे लागले.

पुढच्या काळात त्याने जर्मनीतल्या ड्रीबुर्गच्या खनिज झऱ्यांत स्नानं केली, अंग चोळून घेतलं, एकामागून एक डॉक्टर पाहिले. थोडं बरं वाटायचं आणि पुन्हा घसरण व्हायची. दर वेळी आधीच्यापेक्षा थोडं कमी बळ परत यायचं.

रात्रीचे पेटके

१८४० नंतरच्या नोंदी वाचताना जीव हलतो. चालताना तोल जातो, काठी लागते, मग चाकाच्या खुर्चीची गरज पडते. रात्री झोप लागण्याच्या वेळी पावलांत आणि पायांत पेटके येतात. याच काळात, १८४३ मध्ये, वडील वारले. वडिलांचा किताब आपल्याला मिळावा म्हणून त्याने दावा केला, तो १८४४ मध्ये उमरावांच्या सभागृहाने फेटाळला. घराण्याने नाव नाकारलं होतं, आता पायही साथ सोडत होते. तरी १८४६ पर्यंत तो आज किती चाललो, कुठे आधार लागला, काय सुधारलं हे टिपत राहिला. बरं होण्याची आशा त्याने सोडलेली दिसत नाही. डिसेंबर १८४८ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याने लग्न केलेलं नव्हतं.

मग त्याला झालं काय होतं?

गंमत म्हणा किंवा दुर्दैव. १८३८ मध्ये लंडनमध्येच रॉबर्ट कार्सवेल या डॉक्टरांनी मज्जारज्जूवरच्या विचित्र डागांची चित्रं छापली होती. पण त्या डागांचा आणि आखडलेल्या पायांचा संबंध जोडून आजाराचं नीट वर्णन केलं ते पॅरिसच्या शार्को यांनी, १८६८ मध्ये. तोवर ऑगस्टसला जाऊन वीस वर्षं झाली होती. डग्लस फर्थ यांनी १९४१ मध्ये या नोंदींवर लेख लिहिला आणि १९४८ मध्ये पुस्तक काढलं. नजर जाणं-येणं, एकाचे दोन दिसणं, बधिरपणा, पेटके हे सगळं एकत्र पाहिल्यावर निदान समोर आलं : मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. एका रुग्णाने स्वतः केलेली या आजाराची ही सर्वांत जुनी नोंद समजली जाते.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. वायरचं प्लास्टिक सोललं की करंट नीट जात नाही, तसंच. मेंदूकडून स्नायूला सैल सोडण्याचा निरोप नीट पोहोचत नाही, म्हणून स्नायू ताठच राहतो. यालाच स्पॅस्टिसिटी म्हणतात.

ऑगस्टसला जे मिळालं नाही

आज त्याच पायांसाठी करण्यासारखं बरंच आहे. रोज सावकाश, झटका न देता केलेलं ताणणं आणि फिजिओथेरपी हा पाया. त्यावर गरजेप्रमाणे बॅक्लोफेन किंवा टिझानिडिनसारखी औषधं, ठरावीक स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शनं. बॅक्लोफेन मुळात फिट्ससाठी तयार केलं होतं, तिथे फारसं चाललं नाही, पण ताठर स्नायूंना लागू पडलं. हे औषध मनाने अचानक बंद करणं मात्र धोक्याचं असतं. डोसही डॉक्टरच हळूहळू वाढवतात, कारण काहींना याच ताठरपणाच्या आधारावर उभं राहता येतं. तो पूर्ण घालवला तर पाय लुळे पडतात.

पेटके एकाएकी वाढले तर आधी कारण शोधायचं. लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, घट्ट चप्पल, एवढंसं कारणही पुरतं. एमएसच्या अनेक रुग्णांना उन्हाळ्यात अशक्तपणा जास्त जाणवतो, तेव्हा थंड पाण्याने अंग पुसल्यावर बरं वाटतं.

माळशेज घाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्यात किंवा मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर पाय आखडला की पहिल्यांदा वात म्हणून तेल चोळलं जातं. चोळल्याने आराम पडतो, ऑगस्टसलाही पडायचा. पण नजर जाऊन परत येणं, बधिरपणा, चालताना पाय ओढला जाणं अशी लक्षणं असतील तर कल्याण-मुंबईची वाट धरून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. आजाराचे झटके कमी करणारी पहिली औषधं १९९३ पासून उपलब्ध झाली आणि ती लवकर सुरू झाली तर जास्त उपयोगी पडतात. मुंबईत १९८५ मध्ये सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना मदत करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठीही अर्ज करता येतो.

डॉक्टरकडे जाताना एक साधी वही सोबत न्या. कधी त्रास सुरू झाला, किती दिवस टिकला, काय केल्यावर कमी झाला, पेटके रात्री येतात की सकाळी. दहा मिनिटांच्या तपासणीत न दिसणारं बरंच काही त्या वहीत दिसतं. ऑगस्टस डेस्टेच्या वहीने त्याचं निदान केलं, फक्त जवळपास शंभर वर्षं उशिरा. आज तुमच्या वहीला तेवढा वेळ लागणार नाही.