शयनडब्यांतील सेवकांचा कैवारी : फिलिप रँडॉल्फ

आम्हां बहुतेकांचे आयुष्य बदल्यांत आणि आगगाडीच्या प्रवासात गेले; म्हणूनच अमेरिकेतील फिलिप रँडॉल्फ यांचे चरित्र आम्हांस जवळचे वाटते. १८८९ साली फ्लॉरिडात त्यांचा जन्म झाला. पुलमन कंपनीच्या शयनडब्यांत कृष्णवर्णीय सेवक महिन्याला सुमारे ४०० तास राबत. मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून उतारू प्रत्येक सेवकाला जॉर्ज म्हणूनच हाक मारीत. बिचारा स्वतःच्या नावालाही मुकलेला! १९२५ साली रँडॉल्फ या सेवकांच्या संघटनेचे पुढारी झाले. ते स्वतः कंपनीचे नोकर नव्हते. त्यामुळे त्यांना कामावरून काढून टाकण्याची सोयच नव्हती. बारा वर्षे झुंजल्यावर १९३७ साली करार झाला आणि कामाचे तास २४० वर आले.

१९४१ साली युद्धसामग्रीच्या कारखान्यांत कृष्णवर्णीयांना काम नाकारले जाई. रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा देताच, २५ जून रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी या भेदभावास मनाई करणारा आदेश काढला. आदेश निघणे निराळे आणि तो अमलात येणे निराळे, हे सरकारी कचेरीत केस पिकलेल्या आमच्यासारख्यांस सांगावयास नको. त्यासाठी नेमलेल्या समितीच्या हाती शिक्षेचा अधिकारच नव्हता.

तेव्हा राहून गेलेला मोर्चा २८ ऑगस्ट १९६३ रोजी निघाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे जमली. मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण जगाच्या स्मरणात राहिले. पण मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी रोजगार हा शब्द होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. चौऱ्याहत्तर वर्षांचे रँडॉल्फ त्या मोर्चाचे प्रमुख होते. पुढे १९६६ साली सर्वांस काम मिळावे म्हणून त्यांनी दहा वर्षांच्या राष्ट्रीय खर्चाची योजना मांडली. सरकारने ती स्वीकारली नाही. १९७९ साली न्यूयॉर्क येथे ते निवर्तले.