हार्लन कार्टर : तत्त्व आणि तडजोड

अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात २१ मे १९७७ रोजी 'नॅशनल रायफल असोसिएशन'ची वार्षिक सभा भरली. ती संपली तेव्हा दुसऱ्या दिवसाची पहाट जवळ आली होती आणि संघटनेचे जुने नेतृत्व पायउतार झाले होते. शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या घालून आलेल्या बंडखोर सदस्यांनी नियमावलीचाच आधार घेऊन हे सत्तांतर घडवले आणि सूत्रे हार्लन कार्टर यांच्या हाती दिली. बंदूक बाळगण्याच्या हक्काबाबत तडजोड नको, हा या बंडाचा गाभा होता.

कार्टर यांचा जन्म १९१३ मध्ये टेक्सासमध्ये झाला. मेक्सिकोच्या सीमेवरील लरेडो या गावी त्यांचे बालपण गेले. १९३१ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, त्यांनी झाडलेल्या गोळीने १५ वर्षांच्या मेक्सिकन वंशाच्या एका मुलाचा बळी घेतला. खुनाच्या आरोपाखाली त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. मात्र स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर ज्यूरीला योग्य मार्गदर्शन झाले नाही, या कारणास्तव वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली. कार्टर यांनी पुढे आपल्या नावाच्या इंग्रजी लेखनातील एक अक्षर बदलले. १९८१ मध्ये वृत्तपत्रांनी उजेडात आणेपर्यंत हे प्रकरण विस्मृतीत गेले होते. वडिलांप्रमाणे तेही सीमा सुरक्षा दलात गेले आणि १९५० मध्ये त्याचे प्रमुख झाले. १९५४ मध्ये मेक्सिकन स्थलांतरितांना हुसकावून लावण्याची जी मोठी मोहीम निघाली, तिच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

१८७१ मध्ये स्थापन झालेल्या रायफल असोसिएशनचे मूळ कार्य नेमबाजीच्या प्रशिक्षणाचे होते. शस्त्रांवरील मर्यादित निर्बंध तिच्या धुरीणांना अमान्य नव्हते. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या टपालाने मागवलेल्या रायफलीने झाली. १९६८ च्या कायद्याने अशा विक्रीला आळा घातला. देशभरातील बंदुकांची नोंदणी टळली, एवढ्यावर तत्कालीन नेतृत्वाने समाधान मानले. थोडे देऊन बरेच राखावे, असा तो व्यवहारी विचार होता. कार्टर यांना तो पटत नव्हता. राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने मान्य केलेला हक्क एकदा वाटाघाटीला ठेवला की तो तुकड्या-तुकड्याने जातो, अशी त्यांची धारणा होती. काही गुन्हेगारांच्या हाती शस्त्रे पडतात, ही स्वातंत्र्यासाठी मोजावी लागणारी किंमत आहे, असे त्यांनी संसदीय समितीपुढेही मांडले.

१९७५ मध्ये संघटनेने कायदेविषयक कामासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि त्याची धुरा कार्टर यांच्याकडे आली. तथापि, राजकारणातून अंग काढून मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोला हलवण्याचा मार्ग तत्कालीन नेतृत्वाने धरला. १९७६ मध्ये अनेक कर्मचाऱ्यांना कामावरून दूर करण्यात आले. कार्टर बाहेर पडले. पुढच्याच वर्षी सिनसिनाटी घडले.

त्यांच्या कारकिर्दीत सदस्यसंख्या सुमारे १० लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. १९८० मध्ये संघटनेने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत प्रथमच एका उमेदवाराला, रोनाल्ड रेगन यांना, पाठिंबा दिला. खरी कसोटी पुढे होती. बंडातील सहकारी नील नॉक्स आता कायदेविषयक विभागाचे प्रमुख होते आणि लोकप्रतिनिधींशी वागताना ते तसूभरही मागे हटत नसत. अशा ताठरपणाने मित्र दुरावतात आणि विधेयके अडकतात, हे कार्टर यांनी ओळखले. १९८२ मध्ये त्यांनी नॉक्स यांना पदावरून दूर केले. तडजोडीविरुद्ध उठलेल्या नेत्यानेच आपल्या सर्वांत निष्ठावान शिलेदाराचा बळी दिला, असे कट्टर सदस्यांना वाटले.

कार्टर १९८५ मध्ये निवृत्त झाले. १९८६ च्या कायद्याने १९६८ चे अनेक निर्बंध सैल केले, पण त्याच कायद्याने सामान्य नागरिकांना नव्या मशीनगन विकण्यास बंदी घातली. तो मंजूर व्हावा म्हणून संघटनेने ही बंदीही पत्करली. १९९१ मध्ये कार्टर यांचे निधन झाले. त्यांच्या समर्थकांनी त्यांना हक्काचे रक्षणकर्ते मानले, तर विरोधकांनी अमेरिकेतील शस्त्रांच्या सुळसुळाटाचे उत्तरदायित्व त्यांच्यावर ठेवले. तत्त्वाच्या बळावर सत्ता मिळवता येते. ती राबवताना मात्र व्यवहाराला शरण जावे लागते, हे त्यांचे चरित्र सांगते. लरेडोच्या त्या मुलाचा हिशेब मात्र या दोन्ही बाजूंच्या वादात कुठेच मांडला गेला नाही.