पंडिता रमाबाई : विद्येची सेविका

सेवा हा शब्द आपण भाषणांत फार सहज वापरतो. स्वतःला सेवक म्हणवणारे लोक पहिल्या रांगेतील खुर्ची मात्र सोडत नाहीत. ख्रिस्ती मंडळीत तर या शब्दाचे ओझे अधिकच आहे, कारण ज्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या नावाने ती उभी आहे. हा शब्द ज्यांनी जगून खरा केला, त्यांत पंडिता रमाबाईंचे स्थान फार वरचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते. आईजवळच रमाबाईंचे शिक्षण झाले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि बहीण ही सारी गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. पण १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावींशी विवाह केला. १८८२ साली तेही गेले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठातल्या भगिनींचे एक काम लंडनच्या फुलहॅम भागात चालत असे. समाजाने वाईट म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागवत. ज्यांच्या सावलीलाही कोणी उभे राहत नाही, त्यांची शुश्रूषा कुलीन घरच्या स्त्रिया करीत आहेत, हे पाहून रमाबाईंचे मन हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रमाबाई नम्र होत्या, पण कोणाच्या आज्ञेत मुकाट्याने राहणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मुलग्यांना शिकवू नये असे वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांचे मत पडले, तेव्हा त्यांनी स्पष्ट विरोध केला. क्रूसावर परकी लॅटिन अक्षरे असण्यापेक्षा संस्कृत शब्द असावेत असे त्यांनी कळवले. शाकाहारही सोडला नाही. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या रुग्णालयात स्त्रियांची आबाळ झाली, तेव्हा सरकारविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात लिहिले. बलवानांपुढे वाकणे याला त्या नम्रता मानीत नसत. त्यांची मान लवली ती दुबळ्यांपुढे.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. धर्मांतराच्या संशयावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. तरी काम थांबले नाही. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड असलेल्या मुली त्यांनी आणल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील माणसे सुमारे २००० झाली. मुली विणकाम, शिवणकाम, शेती व छपाई शिकल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. कोणत्याही एका पंथाचे न होता हे घर चालले.

मला सर्वांत मोठे वाटते ते त्यांचे शेवटचे काम. बायबलच्या मराठी भाषांतरासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्यांच्या जिभेवर संस्कृत नांदत होते, त्यांनी जड संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला ठेवले, कारण हे पुस्तक खेड्यातल्या बाईला समजायला हवे होते. त्याचे खिळे मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळवले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. त्या दुःखातही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ग्रंथ त्यांच्यामागून १९२४ साली निघाला.

आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातून माझ्यासारखी मुले घरातली पहिलीच म्हणून कॉलेजात येतात. संध्याकाळी शेजारच्या काकी, मावशी बँकेचा फॉर्म किंवा दवाखान्याची चिठ्ठी घेऊन दारात उभ्या राहतात. मासळीची पाटी उतरवून आलेल्या त्या बाईला, तिला ओशाळे न वाटू देता, तिच्याच बोलीत चार ओळी समजावून सांगणे हे परीक्षेतल्या उत्तरापेक्षा अवघड असते. शिकल्यावर माणूस वर जातो असे घरची सांगतात, आणि त्यांच्या कष्टांकडे पाहता ते खरेच आहे. पण वर जाऊन कोणाकडे वळायचे, हे पदवीच्या कागदावर छापलेले नसते. रमाबाईंना मोठ्या पदव्या विसाव्या वर्षीच मिळाल्या होत्या. पुढची चव्वेचाळीस वर्षे त्यांनी ती विद्या ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांच्या पायाशी नेऊन ठेवली. केडगावचे ते घर आजही चालू आहे.