मूकपटाचा कॅमेरा कितीही खरखरला तरी चालायचं, पण बोलपट आला आणि दादासाहेब फाळकेंचं गणितच बदललं

गिटारचा जुना व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर कधी सुरू केलाय? आधी काचेच्या नळ्यांत लालसर उजेड दिसतो आणि मग तार छेडायच्या आधीच स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होतं. हा आवाज नेमका कुठून येतोय हे शोधणं म्हणजे मेकॅनिकची परीक्षाच.

याच नळ्यांनी एकेकाळी सिनेमा बोलता केला. आणि तो बोलू लागला तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या ज्या माणसाने तो आपल्याकडे रुजवला होता, तोच मागे पडला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं करून झालेलं. 1911 मध्ये गिरगावात त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. इतका, की प्रयोग करता करता काही काळ डोळेच अधू झाले.

डोळे सुधारल्यावर त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि 1912 च्या फेब्रुवारीत थेट लंडन गाठलं. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि सोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही.

हे भोकांचं प्रकरण महत्त्वाचं आहे. तेव्हा कोरी फिल्म बिनभोकांची यायची. अंधारात बसून दोन्ही कडांना सारख्या अंतरावर भोकं पाडायची. अंतर चुकलं की पडद्यावर चित्र नाचलंच म्हणून समजा. हे काम सरस्वतीबाईंनी केलं, फिल्म धुण्याचं कामही त्याच करायच्या. दादासाहेबांनी आधी कुंडीत वाटाणा लावला, तो कसा वाढतो त्याची थोड्या थोड्या वेळाने चित्रं घेतली आणि यंत्र आपल्या हाताला वळतंय याची खात्री करून घेतली. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

नंतर मुक्काम नाशिकला हलला. ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ असे एकाहून एक चित्रपट आले. कॅमेरा हँडलने फिरवायचा. हात थोडा जलद किंवा मंद झाला तर पात्रं जरा घाईत किंवा निवांत चालायची, एवढंच. यंत्राची खडखड होतेय? होऊ दे की. फिल्मला कान नव्हते, आणि थिएटरात पेटी-तबला वाजत असायचा.

14 मार्च 1931 ला ‘आलम आरा’ आला. इंपीरियलचा स्टुडिओ रेल्वेलाइनजवळ होता, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री शूटिंग करावं लागलं, यावरूनच अंदाज घ्या.

बोलपटात आवाज फिल्मच्या कडेला पट्टीच्या रूपात छापलेला असतो. त्यातून उजेड जातो, फोटोसेलवर पडतो आणि अगदी क्षीण करंट तयार होतो. व्हॉल्व्ह त्याला हजारो पटींनी मोठं करतात. घोळ इथेच आहे. संवाद मोठा होतो, तशी वाटेत शिरलेली घरघरही मोठी होते. शिवाय फिल्मचा वेग जराही हलला की सूर बदलतो, म्हणजे हाताने हँडल मारायचे दिवस संपले.

व्हॉल्व्ह अँपची खरखर आजही जवळपास तशीच शोधतात. आवाज कमी करायचं बटण पूर्ण फिरवूनही घूं कायम असेल तर दोष त्या बटणाच्या पुढे, आणि पहिला संशय पॉवर सप्लायच्या म्हाताऱ्या कंडेन्सरवर. पेन्सिलने व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टण्ण ऐकू आलं तर तो व्हॉल्व्हच बदला. (पण जाणकार नसाल तर आत हात घालूच नका. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.)

फाळकेंचा जीव डोळ्यांनी दिसणाऱ्या यंत्रात रमायचा. भोक चुकलं तर दिसतं, दाता झिजला तर दिसतो. घूं मात्र दिसत नाही. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्यावर नंतर आवाज चढवावा लागला. माझ्या मते इथेच त्यांनी थांबायला हरकत नव्हती, पण माणूस थांबणारा नव्हता. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. तो 1937 मध्ये आला, तेव्हा वय होतं 67. त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला हा एकमेव बोलपट, आणि शेवटचाही.

16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पहिला पुरस्कार, 1969 सालचा, मिळाला देविका राणीला. ती बोलपटांतली नायिका होती.