मुख्यमंत्र्यांचं अचानक निधन झालं तर राज्य कोण चालवतं? कन्नमवारांनंतरचे ते दहा दिवस

मेहकर : २४ नोव्हेंबर १९६३, रविवार. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येला दोनच दिवस झाले होते. जग त्या धक्क्यात असतानाच महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं निधन झालं. पदावर असताना निधन झालेले ते महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुख्यमंत्री आहेत.

कोण होते कन्नमवार?

'दादासाहेब' म्हणून ओळखले जाणारे कन्नमवार मूळचे चंद्रपूर जिल्ह्याचे. जन्म १० जानेवारी १९०० चा. घरची परिस्थिती बेताची. तरुणपणी त्यांनी वर्तमानपत्रं विकली. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगला आणि पुढे नागपूर प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद सांभाळलं.

चीन युद्धाच्या काळात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या जागी २० नोव्हेंबर १९६२ रोजी कन्नमवार मुख्यमंत्री झाले. भंडारा आणि भद्रावती इथल्या संरक्षण साहित्याच्या कारखान्यांचं श्रेय विदर्भात आजही त्यांना दिलं जातं. पण त्यांना जेमतेम एक वर्षच मिळालं.

विदर्भासाठी हा धक्का मोठा का होता?

मेहकरसह सगळ्या वऱ्हाडाने चार वर्षांत तीन राज्यं पाहिली होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, नंतर द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. मुंबईतलं सरकार आपलं ऐकेल का, ही शंका इथल्या लोकांच्या मनात होतीच. कन्नमवार हे विदर्भातून आलेले पहिले मुख्यमंत्री. त्यांच्या जाण्याने खुर्ची पुन्हा विदर्भाबाहेर जाणार का, हा प्रश्न उभा राहिला.

मग राज्य कुणी चालवलं?

अमेरिकेत केनेडींच्या मृत्यूनंतर काही तासांतच उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शपथ घेतली. तिथे उत्तराधिकारी आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे तसं नाही. राज्यघटनेत 'हंगामी मुख्यमंत्री' असं वेगळं पदच नाही. उपमुख्यमंत्री असला तरी तो आपोआप मुख्यमंत्री होत नाही.

कलम १६४ नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात आणि त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची. त्यामुळे मुख्यमंत्र्यांचं निधन झालं की मंत्रिमंडळही संपलं, असं मानलं जातं. पण राज्य सरकारविना ठेवता येत नाही. अशा वेळी बहुमतातल्या पक्षाचा नवा नेता ठरेपर्यंत एखाद्या ज्येष्ठ मंत्र्याला शपथ दिली जाते. या काळात मोठे धोरणात्मक निर्णय टाळायचे, हा संकेत आहे.

१९६३ मध्ये हेच झालं. २५ नोव्हेंबरला कोकणातले नेते पी. के. उर्फ बाळासाहेब सावंत यांनी सूत्रं हाती घेतली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला पुढे ज्यांचं नाव दिलं गेलं, ते हेच सावंत. त्यांचा कार्यकाळ अवघा दहा दिवसांचा. तेवढ्या वेळात काँग्रेस विधिमंडळ पक्षाने नवा नेता निवडला आणि सावंत बाजूला झाले.

खुर्ची कुणाकडे गेली?

५ डिसेंबर १९६३ रोजी पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. मेहकरजवळून वाहणारी पैनगंगा पुढे ज्या यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून जाते, तिथलेच नाईक. म्हणजे खुर्ची विदर्भातच राहिली. ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे ११ वर्षांहून अधिक काळ पदावर होते. हा विक्रम अजून मोडलेला नाही.

आज असं घडलं तर?

नियम तेच आहेत, वेग मात्र बदलला आहे. गोव्यात १७ मार्च २०१९ रोजी मनोहर पर्रीकर यांचं निधन झालं. १९ मार्चच्या पहाटेच, मध्यरात्र उलटून गेल्यावर, प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला. मध्ये हंगामी मुख्यमंत्री आलाच नाही. काठावरच्या बहुमतात थांबायला सवड नव्हती.

१९६३ मध्ये काँग्रेसकडे भक्कम बहुमत होतं, म्हणून दहा दिवस थांबता आलं. घटनेत नाव नसलेली ही व्यवस्था टिकली ती दोन गोष्टींवर : पक्षाकडचं संख्याबळ आणि मिळालेली खुर्ची वेळेवर सोडणारा माणूस.