कोसंबींचे दोन निबंध

१९४३ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या एका पस्तिशीतल्या प्राध्यापकाचा निबंध भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापून आला. पाने जेमतेम तेरा. त्याच सुमारास त्याचा दुसरा निबंध लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये निघाला. तो तर चारच पानांचा. दोन्हींचे लेखक दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांतला चार पानांचा निबंध जगभरच्या शास्त्रज्ञांनी आजवर हजारो वेळा संदर्भ म्हणून दिला आहे. तेरा पानांचा निबंध मात्र अनेक वर्षे विस्मरणात पडून राहिला आणि त्यातला सिद्धांत दुसऱ्या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. माणूस एक, काळ एक, बुद्धीही तीच. संशोधकाची योग्यता त्याच्या निबंधांना मिळालेल्या संदर्भांवरून ठरवावी की नाही, या वादात इतका नेमका दाखला सहसा हाती लागत नाही.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७चा, गोव्यातल्या कोसबेनचा. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठात ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावणे येई. १९१८ साली ते अमेरिकेला गेले तेव्हा अकरा वर्षांच्या दामोदरलाही सोबत घेऊन गेले. मुलाचे शालेय शिक्षण बरेचसे तिकडे झाले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी त्याने सर्वोच्च श्रेणीत मिळवली. मग काशी हिंदू विद्यापीठ, तिथून अलिगढ.

अलिगढला आंद्रे वेल हा फ्रेंच गणिती विभागप्रमुख होता. त्याच्या आग्रहावरून तरुण कोसंबींनी एक खोडी काढली. एका सहकाऱ्याची जिरवायची म्हणून त्यांनी १९३१ साली एक निबंध लिहिला आणि त्यात डी. बुर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. असा कोणी माणूसच नव्हता. चार वर्षांनी वेल आणि त्याच्या मित्रांनी हेच बुर्बाकी नाव घेऊन सामूहिक लेखन सुरू केले आणि ते गणितात अजरामर झाले, पण छापील निबंधातला बुर्बाकीचा पहिला संदर्भ कोसंबींचा, आणि तो चक्क बनावट. संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला तो खराच वाटला असता. यंत्र ओळ मोजते, तिच्यामागचा माणूस तपासत नाही.

१९३३च्या सुमारास ते पुण्यात फर्ग्युसनला आले. पुढची बारा-तेरा वर्षे पगार बेताचा, तासिका भरपूर आणि संशोधनासाठी वेगळी सोय अशी काही नाही. मालेगाव, सटाणा, मनमाडच्या महाविद्यालयांत आज विज्ञान शिकवणाऱ्यांना ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की कोसंबींकडून दरवर्षी गुणांचा तक्ता कोणी भरून मागितला नाही. त्या काळात त्यांनी भूमितीत काम केले आणि संस्कृतही शिकले, तेही भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढण्याइतके. शिवाय प्राचीन नाण्यांच्या नादी लागले. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, हलके होते. म्हणून त्यांनी चलनातली साधी नाणी गोळा करून सूक्ष्म तराजूत तोलली, वयाबरोबर वजन किती घटते ते पाहिले, आणि तीच पद्धत तक्षशिलेच्या आहत नाण्यांना लावली. कुठला साठा किती काळ बाजारात फिरला असावा याचा अंदाज त्यातून बांधता आला. मोजमापाचा तिटकारा असलेला हा माणूस नव्हता. उलट, पंडितांनी नुसते डोळ्यांनी पाहून ठरवलेले त्यांना पटत नसे.

आता ते दोन निबंध.

चार पानांच्या निबंधाचा विषय आनुवंशिकतेतला होता. जनुके गुणसूत्रावर माळेतल्या मण्यांसारखी ओळीने असतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जवळजवळ असतील तर ती बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. लांब असतील तर त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. म्हणजे शंभरात किती वेळा ताटातूट झाली हे मोजले की अंतराचा अंदाज येतो. पण यात एक गोम आहे. दोन जनुकांच्या मधे अदलाबदल दोनदा झाली तर ती पुन्हा एकत्र येतात, आणि आपल्या मोजणीत काहीच घडले नाही असे दिसते. अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ साली यावर एक सूत्र दिले होते, पण त्यात प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र धरलेली होती. प्रत्यक्षात एका जागी अदलाबदल झाली की शेजारी लगेच दुसरी होणे अनेक सजीवांत अवघड जाते. कोसंबींच्या सूत्रात हा अडथळा धरला आहे. शंभरात तीस वेळा ताटातूट झाली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४६ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३५. रोगाचे जनुक गुणसूत्रावर नेमके कुठे आहे हे हुडकताना एवढा फरक लहान नसतो. माणसाच्या आनुवंशिक आजारांसाठी, गहू-भातासाठी, कसमादे पट्ट्यातल्या डाळिंबावर पडणाऱ्या तेल्यासारख्या रोगाला तोंड देणारे वाण शोधण्यासाठी, जनुकांचा असा नकाशा कुठेही बनवायचा झाला की संशोधकापुढे पहिला प्रश्न असतो: हाल्डेन की कोसंबी?

तेरा पानांच्या निबंधात त्यांनी सतत बदलत राहणाऱ्या, अनिश्चित अशा राशीचे मोजक्या स्वतंत्र घटकांत विघटन कसे करता येईल ते मांडले होते. हृदयाचा आलेख हे सोपे उदाहरण. हजारो ठोक्यांच्या वळणदार रेघा साठवायच्या तर जागा फार लागते, पण त्या सगळ्या रेघा थोड्याशा मूळ आकारांच्या बेरजेतून तयार होतात असे दिसले, तर प्रत्येक ठोक्यासाठी काही आकडे ठेवले तरी भागते. आज वैद्यकीय संकेत आटोपशीर साठवताना, चेहरे ओळखताना, प्रतिमांतला अनावश्यक भाग गाळताना ही कल्पना वापरतात. युद्धानंतर फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्समधले मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हेच मांडले आणि सिद्धांताला त्या दोघांचे नाव चिकटले. यात चोरी नव्हती. जग युद्धात होते आणि भारतीय नियतकालिक युरोपातल्या किती कपाटांत पोहोचत असेल! पहिला निबंध लंडनला गेला, ज्यांना त्या सूत्राची गरज होती त्यांच्या टेबलावर पडला. दुसरा ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. गुणवत्तेचा याच्याशी संबंध शोधू गेले तर हाती काही लागत नाही.

१९४५ साली होमी भाभांनी त्यांना नव्याने निघालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. कोसंबी पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करू लागले. आरंभीचे संबंध चांगले होते. पुढे बिनसत गेले. कोसंबी शांतता चळवळीत उतरले, अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे लक्ष द्यावे असे जाहीरपणे मांडू लागले, आणि त्यांचा बराच वेळ इतिहासात जाऊ लागला. १९५६ साली त्यांचे ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ मुंबईहून निघाले. राजवंशांच्या यादीऐवजी नांगर, जात, देवस्थाने आणि व्यापारी वाटा यांतून इतिहास वाचणाऱ्या या पुस्तकाने भारतीय इतिहासलेखनाची दिशा बदलली. पण गणिताच्या संस्थेच्या हिशेबात ते कुठे धरायचे?

मग १९५९ साली त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचे नुकसान करून घेतले. रीमानचे अनुमान हा गणितातला सर्वांत अवघड मानला जाणारा प्रश्न संभाव्यतेच्या मार्गाने सुटल्याचा दावा त्यांनी केला, आणि तो निबंध दिला कृषी संख्याशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात. मूळसंख्यांचे जाणकार तिथे असण्याचे कारण नव्हते. दावा टिकला नाही आणि गणितज्ञांत त्यांची पत घसरली. याच काळात त्यांचे काही निबंध एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले गेले. मराठी कानाला हे नाव फारसे फ्रेंच वाटत नाही, आणि त्यातला खट्याळपणा अलिगढच्या तरुणाला शोभणारा आहे. संदर्भांच्या कोठारात मात्र ड्युक्रे हा वेगळा लेखक. त्याचे निबंध कोसंबींच्या खात्यात आपोआप जमा होत नाहीत.

१९६२ साली संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. पंचावन्नाव्या वर्षी ते नोकरीबाहेर पडले. कारणांबद्दल आजही एकमत नाही: राजकारण, भाभांशी मतभेद, रीमानची फसलेली झेप, इतिहासाचे वेड. कदाचित सगळीच. संदर्भसंख्येवर टीका करणारे एक गोष्ट सहसा विसरतात. कोसंबींचा निकाल आकड्यांनी नव्हे, माणसांनी लावला होता, आणि ही माणसे देशातली सर्वांत जाणती होती. त्या दिवशी टेबलावर त्यांच्या आनुवंशिकतेच्या निबंधाचे संदर्भ मोजून ठेवले असते, तर निदान एक बाजू त्यांच्या पारड्यात पडली असती. पण ती सोय अजून व्हायची होती. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली १९५५ साली, त्यांची विज्ञान संदर्भ सूची बाजारात आली १९६४च्या आसपास. मुळात तिचा हेतू माणसे तोलण्याचा नव्हताच. एखादी कल्पना पुढे कोणी वापरली, याचा माग वाचकाला काढता यावा म्हणून ती होती. नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर १९७५पासून दरवर्षी छापून येऊ लागले, २००५ साली एच-निर्देशांक आला, आणि माग काढण्याच्या दोरीची मोजपट्टी झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या शोधनिबंधाला ८ गुण आहेत आणि नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १०. या तक्त्यात कोसंबींना बसवून पाहिले तर गंमत होते. मूळ गुणांच्या रकान्यात दोन्ही निबंध ८-८वर सारखेच. रीमानचा फसलेला निबंधही ८. आणि भारतीय इतिहासाकडे पाहण्याची रीत पालटणारे पुस्तक १०, म्हणजे सव्वा निबंध. निवड समितीला वशिल्यापासून दूर ठेवण्यासाठी असा तक्ता लागतो, हे खरेच. तक्ता नसतानाची मनमानी ज्यांनी सोसली आहे ते आकड्यांच्या बाजूने बोलतात तेव्हा त्यांचे ऐकलेच पाहिजे. पण पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या बोगस नियतकालिकांचे पीकही याच तक्त्याच्या ओलीवर फोफावले.

नोकरी गेल्यावर कोसंबी खचून बसले नाहीत. लोणावळ्याच्या बाजूची लेणी, पुण्याच्या टेकड्यांवरची सूक्ष्म पाषाणहत्यारे, वाड्यावस्त्यांवरची म्हसोबा-बोल्हाईची ठाणी धुंडाळत ते पायी हिंडत राहिले. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ १९६२ साली निघाले, आणि प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे पुस्तक १९६५ साली लंडनहून. १९६४ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडून घेतले. २९ जून १९६६ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न.

तेरा पानांच्या निबंधाकडे लक्ष जायला आणखी बराच काळ लागला. आता काही लेखक त्या सिद्धांताला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह असे तिहेरी नाव देतात. पुष्कळजण अजून दोघांवरच थांबतात. २००८ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले आणि २०१६ साली गणितातले निवडक निबंध एका खंडात आले. चार पानांच्या निबंधाची तऱ्हा याहून निराळी आहे. जनुकांचा नकाशा काढणाऱ्या संगणकीय प्रणालींत आता अंतराचे सूत्र यादीतून निवडायचे असते. संशोधक त्यात ‘कोसंबी’वर टिचकी मारतो आणि अनेकदा निबंधाच्या शेवटी हवाला देतो तो त्या प्रणालीचा.