व्हेर्नर फोर्समन

घरातील एखादे वडीलधारे माणूस हृदयाची तपासणी करून परतते, तेव्हा पुष्कळदा त्याच्या मनगटाला लहानशी पट्टी बांधलेली असते. दुखणे छातीचे आणि पट्टी हाताला, याचे मुलांना नवल वाटते. या पट्टीची कथा १९२९ सालच्या जर्मनीत सुरू होते.

व्हेर्नर फोर्समन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिन येथे झाला. वडील वकील होते. पहिल्या महायुद्धात ते कामी आले. बर्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण संपवून फोर्समन एबर्सवाल्ड येथील रुग्णालयात उमेदवारी करू लागले. घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयापर्यंत नळी नेल्याचे चित्र त्यांनी पाहिले होते. माणसाच्या हातातूनही ती तशीच जाईल, असे त्यांच्या मनाने घेतले. वरिष्ठांनी मात्र परवानगी साफ नाकारली.

उपकरणे गेर्डा डिट्झन या परिचारिकेच्या ताब्यात असत. प्रयोग आपल्यावर करावा, असे त्या धीट बाईंनी सुचविले. फोर्समन यांनी होकाराचा बहाणा करून त्यांना मेजाला बांधले आणि नळी स्वतःच्या डाव्या कोपराजवळील नीलेत सरकविली! ही फसवणूक योग्य होती, असे मला वाटत नाही. पुढे बंध सोडून दोघे क्ष-किरणांच्या खोलीकडे जिना उतरून गेले. तेथे आरशात पाहत त्यांनी पासष्ट सेंटिमीटर नळी आत सारली. तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचल्याचे छायाचित्र निघाले.

कौतुकाऐवजी वाट्याला आला तो उपहास. बर्लिनच्या प्रसिद्ध रुग्णालयातील जागा गेली. हृदयाचा नाद सोडून ते मूत्रविकारांकडे वळले. १९३२ साली ते नाझी पक्षात शिरले, हा डाग त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. युद्धात ते लष्करी डॉक्टर होते, शेवटी कैदीही झाले. सुटकेनंतर काही काळ व्यवसायाची बंदी असल्याने त्यांनी लाकडे तोडून पोट भरले. इकडे न्यूयॉर्कमध्ये कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्यांचीच वाट पुढे नेली. १९५६ साली नोबेल पारितोषिक तिघांना मिळून लाभले. १ जून १९७९ रोजी फोर्समन हृदयविकारानेच वारले.

त्यांची वाट नीलेची होती. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या पाहण्यास रोहिणीतून जावे लागते. त्यासाठी प्रथम जांघेतील अथवा कोपराजवळील रोहिणी वापरीत. १९८९ साली माँट्रियलचे ल्युसियँ कांपो यांनी मनगटातील वाट दाखविली. तीत रक्तस्राव कमी होतो आणि रोगी लवकर उठून बसतो. परंतु ती रोहिणी नाजूक असते. नळीच्या घर्षणाने तिचे अस्तर खरचटते, कधी आत गुठळी धरून ती बंदच होते. बहुतेकांना ते कळतही नाही. कारण करंगळीच्या बाजूची दुसरी रोहिणी तळहातातील कमानीतून पंजाला रक्त पुरविते. तरीही बंद पडलेली वाट पुढच्या वेळी उपयोगी पडत नाही. म्हणून नळी बारीक घेतात, रक्त गोठू नये असे औषध देतात, आणि पट्टा आवळताना रक्तस्राव थांबेल पण आतला प्रवाह चालू राहील एवढाच दाब ठेवतात. पट्टी सोडल्यावर डॉक्टर मनगटावर बोट टेकवून नाडी लागते का, ते पाहतात.